शेवटच्या संगणकाची तारीख

एखाद्या मोठ्या सहकारी संस्थेच्या मुख्य कार्यालयात अँटीव्हायरसचा विषय निघाला की उत्तर ठरलेले असते. लायसन्स घेतलेले आहे, नूतनीकरण वेळेवर झाले आहे, अपडेट तर आपोआपच होते. कोल्हापूर शहरातल्या कार्यालयापुरते हे उत्तर बहुतेक वेळा खरेही असते. पण कोल्हापूरची सहकारी संस्था म्हणजे फक्त तिची शहरातली इमारत नव्हे. जिल्ह्याचे १२ तालुके आहेत. चंदगड जिल्ह्याच्या ठिकाणापासून शंभर किलोमीटरहून लांब, गगनबावड्याचा पाऊस सगळ्यांना ठाऊक आहे, आणि शाहूवाडी-राधानगरीच्या डोंगराळ भागात लाइन जाणे ही काही बातमी होत नाही. जिल्हा मध्यवर्ती बँक, नागरी बँका, पतसंस्था, विकास सेवा संस्था, दूध संस्था या सगळ्यांचे संगणक असे विखुरलेले आहेत. रोज बदलणारे अपडेट तिथल्या चार-सहा संगणकांपर्यंत कसे जाते, किती उशिरा जाते आणि गेले की नाही हे कोणाला कळते, असा हा प्रश्न आहे. गेल्या तीस वर्षांत त्यावर काय काय उपाय झाले ते पाहिले तर एक गोष्ट स्पष्ट दिसते. अपडेट वाहून नेण्याची अडचण बरीचशी सुटली आहे. ते पोचल्याची खातरजमा कोणी करायची, हे मात्र अजून ठरलेले नाही. ते ठरत नाही तोवर संस्थेचे संरक्षण तिच्या सर्वांत मागे पडलेल्या संगणकावर जी तारीख दिसते, तेवढ्याच ताकदीचे राहणार.

अँटीव्हायरसच्या कामाची सुरुवात महाराष्ट्राच्या परिचयाची आहे. सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपूरचे कैलास काटकर यांनी १९९० च्या सुमारास पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीचे छोटे दुकान टाकले. दुरुस्तीला येणाऱ्या संगणकांत व्हायरस सापडू लागले, तेव्हा धाकटे भाऊ संजय यांनी ते काढून टाकणारे छोटे प्रोग्रॅम लिहिले आणि त्यातूनच १९९५ मध्ये ‘क्विक हील’ बाजारात आले. त्या काळात नव्या व्हायरसच्या खुणांची यादी फ्लॉपीवरून यायची आणि एखादा महिना उशीर झाला तरी फारसे बिघडत नसे, कारण व्हायरसही फ्लॉपीवरूनच फिरत होते. दोघांचा वेग सारखा होता. इंटरनेट आले आणि हे गणित मोडले. जर्मनीतली एव्ही-टेस्ट ही संस्था आज दिवसाला साडेचार लाखांच्या आसपास नवे घातक किंवा नको असलेले प्रोग्रॅम नोंदवते, आणि बहुतेक कंपन्या दिवसातून अनेकदा अपडेट सोडतात. महिन्यातून एकदा पेनड्राइव्ह घेऊन शाखेत जाणाऱ्या माणसाने प्रामाणिकपणे काम केले तरी ती शाखा बहुतेक दिवस जुन्याच यादीवर चालते.

दूरच्या संगणकांची निगा हा प्रश्न कोल्हापूर परिसरात देशातल्या बहुतेक ग्रामीण भागांच्या आधी आला. १९९८ मध्ये वारणानगरला ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्प सुरू झाला. केंद्र सरकारने निम्मा, राज्य सरकारने ४० टक्के आणि वारणा सहकारी समूहाने १० टक्के खर्च उचलून कोल्हापूर-सांगलीच्या हद्दीवरची सुमारे ७० गावे जोडण्याचा हा बेत होता. गावोगावच्या केंद्रांतून उसाची नोंद, तोड, वजन, खत आणि बिल ही कामे चालली. पुढे मायक्रोसॉफ्ट रिसर्च इंडियाच्या संशोधकांनी तिथे काम केले तेव्हा संगणक प्रामुख्याने याच मोजक्या कामांना लागतात आणि ते चालू ठेवण्याचा खर्च जड आहे, असे त्यांना दिसले. त्यांनी सात गावांत आठ महिने संगणकाऐवजी मोबाइलच्या एसएमएसवर तीच कामे करून पाहिली आणि ती स्वस्तात जमली. यातून काही जण असा अर्थ काढतील की दूरच्या ठिकाणी संगणक ठेवूच नये. जिथे काम तेवढेच आहे तिथे हा सल्ला रास्त आहे, आणि नको असलेला संगणक काढून टाकणे हे त्याला अपडेट पोचवण्यापेक्षा केव्हाही चांगले. पण पासबुक छापणारी शाखा किंवा कर्जखाती सांभाळणारी सेवा संस्था एसएमएसवर चालत नाही. केंद्र सरकारने जून २०२२ मध्ये देशातल्या ६३ हजार प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणाला मंजुरी दिली, म्हणजे गावातले संगणक कमी न होता वाढणारच आहेत. वारणेचा अनुभव खरे तर हे सांगतो की दूरच्या संगणकाची खरी किंमत खरेदीच्या बिलात नसते, ती पुढच्या दहा वर्षांच्या निगेत असते.

आता तांत्रिक बाजू. समजा एका शाखेत १२ संगणक आहेत, बाहेरची लाइन ५०० केबीपीएसची आहे आणि पूर्ण अपडेट ५० एमबीचे आहे. प्रत्येक संगणकाने ते स्वतंत्रपणे उतरवले तर लाइन दोन तास चाळीस मिनिटे भरून जाते, आणि त्या वेळात काउंटरवरचे व्यवहार रखडतात. हेच अपडेट एका संगणकाने एकदाच उतरवले आणि बाकीच्या ११ संगणकांना शाखेतल्या शाखेत दिले तर बाहेरची लाइन तेरा-चौदा मिनिटेच अडते. जवळपास प्रत्येक कंपनीने ही सोय केव्हाच दिली आहे. सिमँटेक तिला ‘ग्रुप अपडेट प्रोव्हायडर’ म्हणते, ट्रेंड मायक्रो ‘अपडेट एजंट’, सोफोस ‘अपडेट कॅशे’. क्विक हीलच्या सेक्राइटमध्ये ‘अपडेट मॅनेजर’ आहे आणि विंडोजमध्ये ‘डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन’. त्यासाठी वेगळा सर्व्हर लागतोच असे नाही, दिवसभर चालू राहणारा एक बरा संगणक पुरतो. शिवाय रोज अख्खी यादी येत नाही, आदल्या यादीत झालेला बदल तेवढा येतो आणि तो अगदी लहान असतो. यातला धोका मात्र लक्षात घेतला जात नाही. संगणक बरेच दिवस मागे पडला की लहान बदल त्याला जुळत नाहीत आणि पूर्ण यादी पुन्हा उतरवावी लागते. म्हणजे ज्याची लाइन सर्वांत अशक्त, तोच मागे पडतो आणि मागे पडला म्हणून त्याच्याच माथी सर्वांत मोठे ओझे येते. ते अर्ध्यावर तुटते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. एकदा मागे पडलेली शाखा आपोआप वर येत नाही, ती याच कारणाने.

वेळेचे गणितही शहराला धरून बसवलेले असते. गावातल्या दूध संस्थेचा संगणक पाहा. तो वजनकाटा आणि फॅट मशीनला जोडलेला असतो, सकाळच्या संकलनाला चालू होतो, संकलन संपले की बंद, आणि संध्याकाळी पुन्हा तेच. अपडेटची वेळ रात्री दोनची ठेवलेली असेल तर त्या वेळी हा संगणक कधीच चालू नसतो. चुकलेले काम पुढच्या वेळी उरकायचे, असे सेटिंग असले तर ते नेमके सकाळी संगणक चालू झाल्या झाल्या सुरू होते. बाहेर किटल्या घेऊन उत्पादक रांगेत उभे, आत जुना संगणक अपडेट आणि स्कॅन दोन्ही एकदम करायला बसलेला, पावती निघायला वेळ लागतोय आणि दूध नासायची भीती. अशा वेळी ऑपरेटर अँटीव्हायरस बंद करून टाकतो, आणि त्याच्या जागी कोणीही असता तर तेच केले असते. त्याला निष्काळजी ठरवून काही सुटत नाही, कारण वेळापत्रक त्याच्या कामाकडे न पाहता ठरलेले असते. संकलन उरकल्यावर अर्धा तास संगणक चालू ठेवायचा, त्याच वेळी अपडेट घ्यायचे आणि पूर्ण स्कॅन आठवड्यातून एका ठरलेल्या दुपारी करायचे, एवढ्या बदलाने हे मिटते. हा बदल करायला पैसे लागत नाहीत, पण संकलनाची वेळ ठाऊक असलेल्या माणसाने सेटिंग ठरवावे लागते.

अपडेट तयार असणे आणि ते पोचणे यातले अंतर किती महाग पडते, हे जगाने १२ मे २०१७ रोजी पाहिले. वॉनाक्राय या खंडणीखोर व्हायरसने विंडोजच्या ज्या त्रुटीचा फायदा घेतला, तिच्यावरचा इलाज मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच दिला होता. म्हणजे औषध दोन महिने तयार होते. मेले ते ज्यांच्यापर्यंत ते पोचले नव्हते ते. महाराष्ट्रातल्या सहकारी क्षेत्राला त्याहून जवळचा धक्का ऑगस्ट २०१८ मध्ये बसला. पुण्याच्या कॉसमॉस बँकेच्या एटीएम यंत्रणेत घातक प्रोग्रॅम शिरवून २८ देशांतून पैसे काढले गेले, पुढे हाँगकाँगच्या खात्यातही रक्कम वळवली गेली आणि एकूण आकडा ९४ कोटींवर गेला. बनावट कार्डांवर भारतात जे पैसे काढले गेले, त्यांतले काही कोल्हापूरच्या एटीएममधून निघाले होते. त्यानंतर जुलै २०२४ च्या अखेरीस सी-एज या बँकांना तांत्रिक सेवा पुरवणाऱ्या कंपनीवर खंडणीखोर हल्ला झाला, तेव्हा नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनला तिला तात्पुरते वेगळे काढावे लागले आणि देशभरातल्या सुमारे ३०० लहान बँकांचे डिजिटल व्यवहार अडले. त्यांत सहकारी आणि ग्रामीण बँकाच बहुसंख्य होत्या. शेवटच्या दोन घटना शाखेतल्या जुन्या अँटीव्हायरसमुळे घडल्या, असा दावा करता येणार नाही आणि तो करण्याची गरजही नाही. लहान बँकेकडे हल्लेखोर कशाला वळेल, ही समजूत मात्र त्यांनी निकालात काढली.

दूरच्या संगणकांच्या अपडेटचा आग्रह धरला की पहिला आक्षेप नेहमी येतो तो असा की आमच्या शाखेत इंटरनेटच नाही, फक्त बँकेचे बंद नेटवर्क आहे, मग व्हायरस येणार कुठून? याचे उत्तर २०१० मध्ये स्टक्सनेट या व्हायरसने दिले. इराणच्या अणुकेंद्रातले बाहेरच्या जगाशी न जोडलेले संगणक त्याने पेनड्राइव्हवरून गाठले, आणि तो ज्या देशांत सर्वाधिक सापडला त्यांत भारतही होता. आपल्याकडे तर पेनड्राइव्हची ये-जा रोजची. लेखापरीक्षक येतो, प्रिंटरचा माणूस येतो, झेरॉक्सच्या दुकानातून फॉर्म भरून येतात. बंद नेटवर्कचा उलटा परिणामही होतो: बाहेरून व्हायरस येणे थोडे अवघड होते, तसेच बाहेरून अपडेट येणेही अवघड होते, आणि एकदा आत काही शिरले की सगळे संगणक एकाच खोलीत असल्यासारखे एकमेकांना उघडे असतात. म्हणून बंद नेटवर्कमध्ये मुख्य कार्यालयातून शाखेतल्या एका संगणकावर अपडेट उतरवण्याची वाट मुद्दाम आखून ठेवावी लागते. जिथे तीही शक्य नाही तिथे पेनड्राइव्ह चालेल, पण तो फक्त त्याच कामाचा असावा, आधी तपासलेला असावा, आणि त्यावरून कोणत्या दिवशी कोणत्या संगणकावर काय टाकले याची नोंदवहीत नोंद असावी.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. अपडेटनेच संगणक बंद पडले तर? ही भीती काल्पनिक नाही. २१ एप्रिल २०१० रोजी मॅकॅफीच्या एका अपडेटने विंडोज एक्सपीमधली एक अत्यावश्यक फाइल व्हायरस समजून बाजूला केली आणि जगभरचे संगणक पुन्हा पुन्हा रीस्टार्ट होत राहिले. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या सदोष फाइलने मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे ८५ लाख संगणक बंद पाडले, तेव्हा भारतातल्या विमानतळांवर हाताने बोर्डिंग पास लिहावे लागले. कंपनीने ती फाइल सव्वा तासात मागे घेतली, पण ज्यांच्यावर ती उतरली होती ते संगणक बहुतांशी एकेक करून सेफ मोडमध्ये उघडून दुरुस्त करावे लागले. हेच चंदगडच्या शाखेत घडले असते तर घाट चढून माणूस जाईपर्यंत काउंटर बंद. तरीही यावरून अपडेट लांबवत राहण्याचे समर्थन निघत नाही. निघतो तो टप्प्याने देण्याचा धडा: आधी मुख्य कार्यालयातल्या काही बिनमहत्त्वाच्या संगणकांवर, मग जवळच्या एका शाखेत, आणि काही तास सगळे सुरळीत दिसले की दूरच्या शाखांना. दूरची शाखा शेवटी घ्यावी ती दुर्लक्षामुळे नव्हे, तर बिघडले तर तिथे पोचायला सर्वांत जास्त वेळ लागतो म्हणून. मुद्दाम ठेवलेला चार-सहा तासांचा उशीर आणि कोणाच्याच लक्षात न आलेला चार महिन्यांचा उशीर यांची बरोबरी होत नाही.

याच आक्षेपाची दुसरी बाजू अपडेटच्या वाटेवरच्या विश्वासाची आहे. एप्रिल २०२४ मध्ये अवास्ट या अँटीव्हायरस कंपनीच्या संशोधकांनी ‘गुप्तीमायनर’ नावाच्या मोहिमेचा तपशील दिला. मुंबईच्या मायक्रोवर्ल्डचे ईस्कॅन अँटीव्हायरस साध्या एचटीटीपीवरून अपडेट घेत होते. हल्लेखोर वाटेतच ते अपडेट बदलून त्या जागी आपला प्रोग्रॅम घालत आणि संगणक तो विश्वासाने उतरवून घेत असे. मायक्रोवर्ल्डने ही त्रुटी जुलै २०२३ मध्ये दूर केल्याचे कळवले होते. दूरच्या शाखेच्या दृष्टीने याचा अर्थ गंभीर आहे, कारण तिथले अपडेट कधी स्थानिक केबलवाल्याच्या नेटवरून, कधी कोणाच्या मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून, तर कधी दुरुस्तीवाल्याच्या पेनड्राइव्हवरून येते. वाट जितकी लांब आणि जितक्या हातांतून, तितकी अदलाबदलीची संधी जास्त. म्हणून अपडेटवर कंपनीची डिजिटल सही आहे का आणि ती तपासल्याशिवाय संगणक अपडेट स्वीकारतो का, हा प्रश्न खरेदीच्या वेळी दरपत्रकाइतक्याच अगत्याने विचारायला हवा. शाखेतल्या वाटप करणाऱ्या संगणकाचीही राखण तितकीच हवी, कारण तो हाती लागला की अख्खी शाखा हाती लागते.

तिसरा आक्षेप असा की हे सगळे आता कालबाह्य आहे. विंडोजमध्ये डिफेंडर फुकट येतो, नवी उत्पादने थेट क्लाउडशी बोलतात, आणि अँटीव्हायरसचा जमानाच संपला. सिमँटेकच्याच एका वरिष्ठ अधिकाऱ्याने २०१४ मध्ये अँटीव्हायरस मेल्याची भाषा केली होती, आणि निम्म्याहून अधिक हल्ले त्याला सापडत नाहीत अशी कबुलीही दिली होती. यात तथ्य आहे. खुणांच्या यादीवर विसंबणारे संरक्षण अपुरे आहे, आणि विंडोजचे अपडेट, बॅकअप, पासवर्डची शिस्त यांच्याशिवाय त्याला अर्थ नाही. पण क्लाउडवर अवलंबून असलेले उत्पादन नेट असते तेव्हाच पूर्ण ताकदीने चालते, आणि दूरच्या शाखेची मूळ अडचणच ती आहे. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या महापुरात शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली जाऊन वाहतूक थांबली. अशा दिवसांत नेट आणि वीज दोन्ही बेभरवशाची होतात. तेव्हा संगणकाजवळ आधीच असलेली यादी हाच आधार उरतो. डिफेंडर चांगला आहे, पण त्यालाही अपडेट लागतेच, आणि ज्या विंडोजचा आधारच संपला आहे तिच्यावर कोणतेही अँटीव्हायरस भगदाड बुजवू शकत नाही. विंडोज ७ चा आधार जानेवारी २०२० मध्ये आणि विंडोज १० चा सर्वसाधारण आधार ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला. गावातल्या संस्थांमधले बरेचसे संगणक याच वयाचे असल्याने अँटीव्हायरसच्या तारखेशेजारी विंडोजची तारीखही पाहावी लागेल.

मग उरतो तो जबाबदारीचा मुद्दा, आणि सारा आढावा तिथेच येऊन थांबतो. नियम नाहीत असे नाही. रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०१८ मध्ये नागरी सहकारी बँकांसाठी सायबर सुरक्षेची प्राथमिक चौकट घालून दिली, त्यात संगणकांची यादी, अँटीव्हायरस व पॅच आणि पेनड्राइव्हसारख्या साधनांवरचे नियंत्रण हे विषय आहेत. डिसेंबर २०१९ मध्ये प्रत्येक बँकेच्या डिजिटल व्यापाप्रमाणे चार पातळ्या करून ती वाढवली. केंद्र सरकारच्या सर्ट-इन या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे हल्ल्याची माहिती सहा तासांत द्यायची आणि नोंदी १८० दिवस ठेवायच्या आहेत. सहा तासांत कळवण्यासाठी आधी आपल्याला कळावे लागते, आणि कळण्यासाठी प्रत्येक संगणकाची स्थिती कोणीतरी पाहत असावी लागते. प्रत्यक्षात काम असे वाटलेले असते: लायसन्स खरेदी समिती घेते, बसवतो तो पुरवठादार, संगणक वापरतो तो लिपिक किंवा गटसचिव, आणि शाखाधिकाऱ्याच्या तपासणीत रोकड, तारण, थकबाकी असते पण अपडेटची तारीख नसते. व्यवस्थापनाच्या पडद्यावरही एक फसवी सोय असते. ‘९५ टक्के संगणक अद्ययावत’ असा हिरवा आकडा तिथे दिसतो, आणि उरलेले ५ टक्के नेमके दूरच्या शाखांमधले असतात. महिनाभर ज्याने संपर्कच केला नाही तो संगणक काही उत्पादनांत यादीतूनच वगळला जातो, मग टक्केवारी आणखी सुधारते.

म्हणून सरासरी सोडून सर्वांत जुनी तारीख मोजावी. दर सोमवारी मुख्य कार्यालयात एकच कागद निघावा: प्रत्येक शाखेतला सर्वांत मागे पडलेला संगणक, त्यावरची तारीख, आणि तो कोणाच्या नावावर आहे. सात दिवसांहून जुनी तारीख असेल तर त्याच दिवशी शाखाधिकाऱ्याला फोन, पंधरा दिवसांहून जुनी असेल तर तो संगणक नेटवर्कमधून बाहेर. याला माणसे कुठून आणायची, असे छोट्या पतसंस्था विचारतील, आणि त्यांचे म्हणणे खरे आहे; पाच संगणकांसाठी कोणी तज्ज्ञ नेमू शकत नाही. पण कोल्हापूरने गोकुळसारख्या दूध संघाच्या रूपाने साठ वर्षांपूर्वीच दाखवून दिले आहे की चार जनावरांच्या मालकाला जे एकट्याने परवडत नाही ते संघाला परवडते. तालुक्यातल्या पंधरा-वीस संस्थांनी मिळून एक जाणता माणूस ठेवला, त्याच्याकडे सगळ्यांच्या तारखांची यादी दिली आणि ती यादी संचालक मंडळाच्या बैठकीत थकबाकीच्या यादीनंतर वाचली, तर या प्रश्नातला अवघड भाग सुटतो. थकबाकीदार कोण आणि किती दिवसांचा, हे विचारण्याची सवय सहकारी संस्थांच्या अंगवळणी पडलेली आहे. आता तोच प्रश्न संगणकाबद्दल विचारायचा आहे, आणि त्यासाठी बाजारातून नवे काही विकत घ्यावे लागत नाही.